आधीच बघून ठेवलेलं घर

अक्राला जायचं तर डिसेंबरातच, हे माझ्या नवऱ्यानं दिवाळीच्या आधीपासून लावून धरलं होतं. त्या दिवसांत तिथे पाऊस नसतो, दमटपणा जातो, सहारा वाळवंटाकडून कोरडं वारं येतं आणि पहाटे चक्क अंगावर शाल घ्यावीशी वाटते, असं तो सांगायचा. तो इकडे नेदरलँड्समध्ये आर्नहेमच्या एका ऊर्जा कंपनीत आहे. त्यांची घानामध्ये सौरऊर्जेची कामं चालतात, त्यामुळे अक्राला त्याच्या फेऱ्या व्हायच्या. परत येताना वाळवलेला आंबा आणि शिया बटरचे डबे आणायचा. पण आम्हाला तिकडे घेऊन जायची भाषा त्यानं आधी कधी केली नव्हती. नाताळच्या सुट्टीत आम्ही एरवी पुण्याला जातो.

मला गंमत वाटली. बरंही वाटलं, खरं सांगायचं तर. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर नवरा स्वतःच्या कामाची जागा दाखवायला उत्सुक आहे म्हटल्यावर कोणालाही बरंच वाटेल. पिवळ्या तापाची लस घ्यायला आम्ही तिघं एकत्र गेलो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, सुईला घाबरणारी. पण त्या दिवशी तिनं निमूट दंड पुढे केला. नर्सनं सांगितलं की ही लस एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. नवरा म्हणाला, "बघ, परत परत जाता येईल." मी हसले होते.

त्याच सुमाराला आम्ही राहतो त्या हार्लेममध्ये मुलीसाठी माध्यमिक शाळा बघायचं चाललं होतं. इकडे आठव्या गटातल्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, मुलांना पुढच्या शाळेची निवड करावी लागते, आणि शाळा संध्याकाळी पालकांना बोलावून आपापले वर्ग दाखवतात. मी स्लोटरडाइकच्या ऑफिसातून लवकर निघायचे, स्टेशनवर उतरून सायकल काढायची, मुलीला घरून घ्यायचं आणि पावसातून त्या शाळा पालथ्या घालायच्या. प्रयोगशाळा, व्यायामशाळा, कँटीन. प्रत्येक ठिकाणी मी तिला विचारायचे, कशी वाटली? ती डचमध्ये "छान आहे" म्हणायची. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये नाहीतर इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. एका शाळेत तर मी तिला खिडकीजवळचं बाक दाखवून म्हटलं होतं की तू इथे बसशील, इथून कालवा दिसतो. तीही त्या बाकावर बसून बघून आली होती.

हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त तेच बोचलं.

आम्ही अक्राला उतरलो ती संध्याकाळ होती आणि मला वाटलं कुठेतरी मोठी आग लागली असावी. हवेत धूर भरल्यासारखं दिसत होतं. ती धूळ होती. हरमॅटन म्हणतात त्या वाऱ्याला. पिठाहून बारीक धूळ, सगळ्या शहरावर चाळणीनं चाळल्यासारखी पसरलेली. सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा पांढुरका, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. पण नवऱ्यानं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी हवा खरंच गार होती. हॉटेलचा वॉचमन कानटोपी आणि जाड जॅकेट घालून उभा होता आणि आमच्या मुलीला बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये बघून काळजीनं मान हलवत होता. ओठ फुटले, टाचा फुटल्या, केसांत धूळ बसली, आणि तरी मला ते शहर आवडलं. रस्त्याच्या कडेला पिकल्या केळ्यांचे तुकडे आलं-मिरची लावून तळत होते, त्याला केलेवेले म्हणतात. आम्ही रोज खाल्ले. जेम्सटाउनला मच्छीमारांच्या रंगीत होड्या बघितल्या, त्यांच्यामागे समुद्र धुळीत विरघळून गेलेला. अनोळखी लोक थांबून कशा आहात विचारायचे आणि उत्तर ऐकायलाही थांबायचे. हार्लेममध्ये शेजाऱ्याकडे जायचं तर दोन आठवडे आधी वेळ ठरवावी लागते. तिथे मी दोन दिवसांत मोकळी झाले. नवरा माझ्याकडे बघून सारखा विचारायचा, "आवडतंय ना?" मी हो म्हणायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं की त्याच्या इथल्या सहकाऱ्याची बायको मला फिरवायला न्यायला येते आहे. तो आणि मुलगी हॉटेलच्या तलावावर पोहणार होते. मी म्हटलं, आपण सगळेच जाऊ की. तो म्हणाला, तू जा गं, तुम्हा दोघींना गप्पा मारता येतील.

ती बाई पन्नाशीची होती. उंच, ठसठशीत, एकाच छापाच्या कापडाचा ब्लाउज आणि स्कर्ट, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधलेला. एका शाळेत प्राथमिक विभागाची मुख्याध्यापिका. गाडीत बसल्या बसल्या तिनं पर्समधून शिया बटरची छोटी डबी काढून माझ्या हातात दिली आणि ओठांना लावायला सांगितलं. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. तिनं पुण्याबद्दल विचारलं, माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मी टेस्टिंगची टीम सांभाळते, गेल्याच वर्षी बढती मिळाली, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली की मग ते सोडून येणं जड जात असेल. मला वाटलं ती सुट्टीबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, छे, दोन आठवडे सांभाळतील ते. ती माझ्याकडे जरा बघत राहिली, पण समोरून मिनीबस आली आणि विषय तिथेच राहिला.

बाजारात नेण्याआधी ती मला तिच्या घरी घेऊन गेली. घराशेजारच्याच प्लॉटवर त्यांनी आणखी एक घर बांधलं होतं. पांढरं, एकमजली, पुढे खोल व्हरांडा, कुंपणावर बोगनवेल, आणि तिची पानंफुलं धुळीनं एकाच रंगाची झालेली. आत कोणी राहत नव्हतं. नव्या रंगाचा वास येत होता. तिनं मला स्वयंपाकघर दाखवलं, मागची पडवी दाखवली, मुलीची खोली म्हणून एक खोली दाखवली. मला वाटलं, बाईंना नव्या घराचं कौतुक आहे; आपल्याकडेही पाहुण्यांना कपाटांसकट घर दाखवतातच. मी छान छान म्हणत तिच्यामागून फिरत होते.

मग ती मला हॉलच्या एका भिंतीपाशी घेऊन गेली. भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा केलेला होता, आत गुळगुळीत लाकडी फळी, वर दिव्यासाठी वायर काढून ठेवलेली.

"ही पूर्वेची भिंत," ती म्हणाली. "तुमच्या देवांसाठी. तुमचे मिस्टर म्हणाले होते की तुम्हाला पूर्वेचीच लागते. सुतारानं आधी चुकीच्या बाजूला केलं होतं, मी बदलून घेतलं."

मला आठवतं की मी पुढे होऊन त्या फळीवर हात फिरवला. बोटांना धूळ लागली. माझा नवरा देवाला नमस्कारसुद्धा घाईत करतो. आमच्या हार्लेमच्या घरात देव उत्तरेच्या भिंतीला आहेत, दुसरीकडे जागा नाही म्हणून, आणि त्यावरून मी एकदा नाही अनेकदा कुरकुर केलेली. ती त्यानं ऐकून ठेवली होती. माझ्या नकळत त्यानं माझ्यासाठी देवांची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, अगदी मला हवी तशी.

मी विचारलं, "आम्ही कधी येणार म्हणून सांगितलंय त्यांनी?"

तिचा चेहरा उतरत गेला. तिनं सावकाश सांगितलं की तो फेब्रुवारीत रुजू होणार, तीन वर्षांसाठी. आम्ही दोघी मुलीची तिकडची शाळा संपली की उन्हाळ्यात. मुलीसाठी या बाईच्याच शाळेत जागा ठेवलेली होती. शरद ऋतूतच त्यानं कंपनीला होकार कळवला होता. "त्यांनी मला सांगितलं की तुम्ही तयार आहात," ती म्हणाली. "मला सांगितलं, तिला घर एकदा डोळ्यांनी बघायचंय, म्हणून आणतोय."

मग ती म्हणाली, "सॉरी." तिथे कोणाला ठेच लागली तरी आजूबाजूचे सगळे सॉरी म्हणतात, चूक त्यांची नसली तरी. मी हे गेल्या दोन दिवसांत शिकले होते. तिनं व्हरांड्यात एक खुर्ची आणून मला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उभी राहिली. शेवटी मी तिला हॉटेलवर सोडायला सांगितलं.

मुलगी तलावाच्या कडेला टॉवेल गुंडाळून बसली होती, नवरा खायला आणायला गेला होता. मी तिच्याजवळ बसले. मी तिला नीट, आवाज न चढवता विचारलं की तुला हे घर माहीत होतं का. ती पाण्याकडे बघत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली की बाबानं फोटो दाखवले होते. कधी? शाळा सुरू झाली तेव्हा. सप्टेंबरात. ती त्या मुख्याध्यापिकेशी व्हिडिओवर बोललीही होती, मी ऑफिसात असताना. बाबा म्हणाला होता की आईला आधी शहर आवडू दे, मग आपण सांगू.

"आणि ती शाळा?" मी म्हटलं. "ते खिडकीजवळचं बाक?"

ती रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं, आणि घेतलं मी, पण थोड्या वेळानं. आधी मी नुसती बसून राहिले. मला ते पावसातले रस्ते दिसत होते, तिची सायकल पुढे, माझी मागे, आणि मी ओरडून तिला सांगते आहे की डावीकडे वळ. सगळा वेळ तिला माहीत होतं. अकरा वर्षांच्या पोरीला कोणीतरी एवढं मोठं ओझं दिलं होतं आणि तिनं ते इतकं नीट सांभाळलं होतं की मला तिच्या आवाजातसुद्धा काही कळलं नव्हतं.

नवऱ्याशी बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. त्याच्या त्या सहकाऱ्यानं आदल्या संध्याकाळी त्याला फोन केलाच होता, त्यामुळे त्याला सांगावं काही लागलं नाही. मुलगी झोपली होती. आम्ही समुद्रावर चालत गेलो. धुक्यासारखी धूळ, गार वारं, वाळूवर काही माणसं जाळी ओढत होती. त्यानं बोलायला सुरुवात केली ती थेट फायद्यांपासून. त्याला पद मोठं मिळत होतं. मुलीला मोकळं वातावरण मिळालं असतं. माझी नोकरी कदाचित लांबून करता आली असती, नाहीतर मी थोडी विश्रांती घेतली असती. तूच म्हणतेस ना, दमलेय म्हणून. तो वाईट बोलत नव्हता. तो अगदी समजावून सांगत होता, जसा ऑफिसात एखादा प्रकल्प समजावत असेल.

मी त्याला एवढंच विचारलं की तू मला का विचारलं नाहीस. पुण्याहून नेदरलँड्सला यायचं होतं तेव्हा आम्ही महिनाभर रोज जेवण झाल्यावर त्यावर बोलायचो. मी नोकरी सोडून आले ती त्या बोलण्याच्या भरवशावर. नवी भाषा शिकले, कनिष्ठ जागेपासून परत सुरुवात केली, आणि कधी त्याला बोल लावला नाही, कारण निर्णय माझाही होता.

तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"विचारतात ते त्यासाठीच," मी म्हटलं.

मग तो, जणू काही त्यानं केलेली काळजीच मला कळावी म्हणून, म्हणाला, "मी मुद्दाम डिसेंबरात आणलं. मार्चमध्ये आणलं असतं तर उकाड्यानं तू पहिल्याच दिवशी कंटाळली असतीस."

पुण्यात मुलगी दाखवताना घरातला चांगला कोपरा निवडून तिथे बसवत. मला तसं वाटलं; फक्त इथे शहर दाखवत होते आणि ते नटवून आणलेलं आहे हे मला एकटीलाच माहीत नव्हतं. माझा राग कशावर होता ते मला तिथे, त्या वाळूवर, नीट कळलं. मला शहर आवडलं होतं. मला त्या केळ्यांचा वास आवडला होता, पांढरा सूर्य आवडला होता, ती बाई आवडली होती. त्यानं ते सगळं आधीच हिशोबात धरलं होतं. माझी आवडसुद्धा माझी राहिली नव्हती.

परतीच्या तिकिटांना अजून आठवडा होता. तो आठवडा आम्ही तिघांनी कसा काढला ते मला आज नीट सांगता येणार नाही. आम्ही किल्ला बघितला, बीचवर घोडे बघितले, फोटो काढले. नववर्षाच्या दिवशी मी पुण्याला व्हिडिओ कॉल केला. सासूबाई फोनवर आल्या आणि माझा चेहरा बघूनच म्हणाल्या, "कळलं का तुला?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही तरी सांगायचंत. त्या म्हणाल्या की त्यानं शपथ घातली होती, आणि मुलानं शपथ घातल्यावर मी काय करणार. माझ्याशी त्या नेहमीच चांगल्या वागल्या आहेत. म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना.

निघायच्या आदल्या दिवशी ती मुख्याध्यापिका हॉटेलवर आली. यावेळी तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला घेऊन ती मकोला बाजारात गेली. त्या गर्दीत ती पुढे चालत होती आणि विक्रेत्या बायका तिला वाट करून देत होत्या. कापडाच्या एका दुकानात आम्ही बाकड्यावर बसलो तेव्हा ती म्हणाली की तिला माझी दया आलेली नाही, तिला राग आलेला आहे आणि तो स्वतःसाठी आहे. "माझ्या घरात, माझ्या तोंडून त्यांनी तुम्हाला हे ऐकवलं," ती म्हणाली. "मी मूर्खासारखी खोल्या दाखवत फिरले." ते घर तिनं दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं ठरवलं होतं. तिच्या नवऱ्यानं तिची समजूत घालायचा प्रयत्न केला होता. तिनं त्याला गप्प बसवलं होतं. तिथल्या आठवड्यात मला पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूला बसल्यासारखं वाटलं, आणि मजा म्हणजे तिला माझी बाजू घ्यायचीच नव्हती. तिनं मला निळ्या छापाचं सहा वार कापड घेऊन दिलं. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही.

धुळीमुळे विमानं अडकली होती. आम्ही विमानतळावर कित्येक तास काढले. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, नवरा समोरच्या रांगेत बसला होता. त्यानं एकदा येऊन विचारलं, चहा आणू का. मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत तो गेला, एकटाच. मी त्याला अडवलं नाही. कंपनीला शब्द दिला होता, तो आता त्यानंच निभवावा, असं मला वाटत होतं. मुलीला मी विचारलं की तुला जायचं असेल तर सांग, खरं सांग, मी रागावणार नाही. तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं की तिला जायचं होतं, आता नाही. उन्हाळ्यानंतर ती हार्लेमच्याच एका शाळेत जायला लागली. कालव्याकाठच्या नाही, ती तिनं यादीतच घातली नाही आणि मीही कारण विचारलं नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, सुट्टी कशी झाली, मी फोटो दाखवले. आमच्या मराठी ग्रुपमध्ये बायकांनी कौतुक केलं की किती वेगळ्या ठिकाणी जाऊन आलात. एक मैत्रीण म्हणाली, नवऱ्यानं एवढं प्लॅन करून नेलं, नशीबवान आहेस. मी म्हटलं, हो, प्लॅनिंग त्याचं चांगलंच आहे.

तीन वर्षांच्या जागी दीड वर्षातच तो परत आला. आपणहून. तिथे एकट्याला करमत नाही, असं त्यानं कंपनीला सांगितलं, आणि ते पद सोडून आर्नहेमच्या जुन्या जागेवर बसला. त्यानं त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही. हल्ली तो सगळं विचारतो. पडदे कुठले घ्यायचे, रविवारी कोणाकडे जायचं, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, त्याची स्वतःची वेळ सकाळची घेऊ की दुपारची. सुरुवातीला मला समाधान वाटायचं. आता कधी कधी वाटतं, नको विचारूस, ठरवून टाक. पण ते मी म्हणत नाही. म्हटलं तर तो ठरवेल, आणि मी परत शोधत बसेन की आणखी काय काय ठरलं आहे.

अक्राच्या त्या बाईचे व्हॉइस मेसेज अधूनमधून येतात. तिकडे धूळ सुरू झाली की ती सांगते. मीही सांगते, इकडे कालवे गोठलेत का नाही ते. त्या घराचा विषय आम्ही काढत नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे, माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. गेल्या शनिवारी आम्ही दोघी सायकलवरून बाजारात चाललो होतो. सिग्नलला थांबलो असताना तिनं मागे न बघता इंग्रजीत विचारलं की बाबानं त्या वेळी विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का?

मी म्हटलं, "माहीत नाही गं." आणि ते खरंच होतं. ते आता मला कधी कळणारही नाही.

तिनं मान हलवली. मग सिग्नल सुटला आणि ती पुढे निघाली.